काळे प्लग, लाल ठिपके

पौषात नागपूरला पाऊस यायचं तसं काही कारण नसतं. पण त्या दुपारी आभाळ अचानक भरून आलं, वाडीच्या नाक्याजवळच्या गोदामांचे पत्रे बारीक भुरभुरीत वाजू लागले, आणि नेमकी तेव्हाच वच्छलाची पिकअप दोनदा खोकली, एक हिसका देऊन थांबली ती थांबलीच.

चौऱ्याहत्तर सालची ही गोष्ट. तेव्हा अमरावती रोडवर गाडी हाकणारी मुलगी दिसली की ट्रकवाले चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबायचे. वच्छलाला त्याची सवय झाली होती. वाडीच्या पुढे, रस्त्याला लागूनच, तिच्या वडिलांची लहानशी रोपवाटिका होती. गुलाब, मोगरा, संत्र्याची कलमं. बळीराम गजभियेंनी उमेदीची वर्षं सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यात माळीकाम केलं, त्यातून ती जमीन घेतली, आणि पुढे लष्कराच्या लिलावात ही हिरवट रंगाची पिकअप. आई गेल्यावर घरात बापलेक दोघंच. गेल्या वर्षी बळीराम म्हणाले, गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही. तेव्हापासून गाडी वच्छलाच्या हातात आली.

तिनं पुन्हा चावी फिरवली. गाडी नुसतीच कण्हली. मागे गुलाबाच्या कुंड्या, त्या संध्याकाळच्या आत बंगल्यावर पोचवायच्या होत्या.

"प्लग काळे पडले."

खिडकीशी कोणीतरी उभं होतं. तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल. अंगात तेलकट खाकी शर्ट, केसांवर पावसाचे बारीक थेंब. आणि डोळे... डोळे असे, की हा मनातल्या मनात हसतोय असं वाटावं.

"तुमाले कोणं बोलावलं?" वच्छलानं विचारलं.

"कोणंच नाही. गाडीच बोलावून राहिली मगापासून."

"बॉनेट उघडलं नाही, काही नाही. मग प्लग काळे हायेत हे कसं समजलं तुमाले?"

"धूर पाहिला. आवाज ऐकला." त्यानं हात पुसला. "मी चंद्रभान. तिथं भैय्याजींच्या गॅरेजात मिस्त्री हावो. उघडू?"

गाडी हाती आल्यापासून वच्छलाचा कोणावर विश्वास नव्हता. पहिल्याच महिन्यात एकानं तिला रंग देऊन चकचकीत केलेली जुनी बॅटरी नवी म्हणून विकली होती. गाडीवाली मुलगी दिसली की मिस्त्रींच्या जिभेवर साखर येते, हे ती तेव्हाच शिकली. ती खाली उतरली आणि पावसात त्याच्या अगदी शेजारी उभी राहिली. हाताकडे बघत.

त्यानं प्लग काढले. खरंच काळे होते, काजळी धरल्यासारखे. चिंधीनं पुसून, पॉलिश पेपरवर घासून त्यानं ते परत बसवले. पिकअप सुरू झाली.

"हे तात्पुरतं हाये," तो म्हणाला. "नवे टाकून घ्या. नाही तर ही तुमाले एखाद्या दिवशी भर चौकात उभी करीन."

"तुमच्याच गॅरेजात, नाही का?"

"दुसऱ्या कोणाकडे जा ना बापा. मले काय."

असं म्हणून तो खरंच निघून गेला. मागे वळूनही पाहिलं नाही. त्यामुळेच वच्छलाला त्याचा जास्त संशय आला.

तरी दोन दिवसांनी ती भैय्याजींच्याच गॅरेजात गेली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. भैय्याजी म्हणजे पांढऱ्या मिशांचा, जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं. तिनं ते उचललं आणि थेट पिकअपच्या तोंडाशी नेऊन ठेवलं.

"असं पाहून राहिल्या," चंद्रभान पान्हा फिरवता फिरवता म्हणाला, "का माहा हात थरथर कापून राहिला."

"कापणारच. मनात काही असलं का हात कापतो."

"मनात काही हाये, हे तुमाले कोणं सांगतलं?"

वच्छलानं पदर उगाचच सारखा केला.

नवे प्लग तिच्या डोळ्यांसमोर डबीतून निघाले, तिच्या डोळ्यांसमोर बसले. जुने तिनं मागून घेतले. त्यानं ते वर्तमानपत्रात बांधून दिले.

"काय करता याचं? हार ओवता?"

"माह्या वस्तू मी घरी नेते. तुमाले काय त्याचं?"

"काही नाही." मग तो टाकीजवळ गेला, झाकण उघडून वाकला, आणि थोडा वेळ तसाच राहिला. वर उठला तेव्हा चेहऱ्यावरचं हसू कुठेतरी गेलं होतं. "पेट्रोल कुठून भरता तुम्ही?"

"पंपावरून. आणखी कुठून?"

"घरी डबा ठेवता?"

"ठेवतो. पंप दूर हाये. काहून?"

"काहून नाही..." तो म्हणाला, आणि तिच्याकडे असं निरखून पाहिलं, की वच्छलाला वाटलं, हा आपल्यावरच कसला तरी आळ घेतो आहे.

आठवडाही गेला नसेल. सकाळी गाडी सुरू होईना. बळीराम अंगणात तपकीर ओढत उभे होते. म्हणाले, "थंडी हाये वं वच्छे, धीरानं घे." धीर कसला. तिनं पान्हा घेऊन स्वतःच एक प्लग काढला. त्याचे हात दोनदा इतके जवळून पाहून तेवढं तिला येऊ लागलं होतं. प्लग पुन्हा काळाकुट्ट.

म्हणजे नवे नव्हतेच ते. डबी नवी, माल जुना. बॅटरीसारखंच. तिला राग आला, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी दुखलं. त्या हसऱ्या डोळ्यांवर तिनं थोडासा भरवसा टाकायला सुरुवात केली होती... ती चूक होती तर.

पण वच्छला नुसती चिडून बसणारी नव्हती. सीताबर्डीवरून आणलेली लाल नेलपॉलिशची बाटली तिच्या पेटीत होती. तिनं प्रत्येक प्लगच्या बाजूला लोखंडावर एक बारीक लाल ठिपका दिला, वाळू दिला, प्लग पुसून परत बसवले, आणि कशीबशी गाडी सुरू करून गॅरेजात गेली.

"पुन्हा काळे झाले, मिस्त्री."

"झालेच असतील," तो म्हणाला. आश्चर्य नाही, काही नाही.

या वेळी ती स्टुलावर बसली नाही. मुद्दाम भैय्याजींच्या खोलीत गेली, त्यांच्याशी गुलाबाच्या खताबद्दल बोलत राहिली. चोराला मोकळं सोडल्याशिवाय चोरी दिसत नाही, असा तिचा हिशेब. बाहेर आली तेव्हा बॉनेट बंद होतं.

"नवे टाकले?"

"गाडी चालते," तो म्हणाला.

"मी काय विचारलं?"

"अन् मी काय सांगतलं?" तो हसला नाही. "आजचे काही द्यायचे नाही तुमाले. जा."

घरी पोचल्या पोचल्या तिनं प्लग काढून पाहिले. लाल ठिपके. सगळ्यांवर. पुसून, घासून तेच परत बसवलेले.

संशय खरा ठरला की माणसाला बरं वाटायला हवं. वच्छलाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ते प्लग भैय्याजींच्या टेबलावर ठेवले. "तुमच्या मिस्त्रीनं मले फसवलं. हे पाहा ठिपके. मीच देले."

भैय्याजींनी चष्मा वर केला. गिऱ्हाइकाला न सांगता जुनंच बसवणं, त्यांच्या गॅरेजात हे एकच पाप होतं. मागच्या दिवाळीला त्यांनी अशाच कारणासाठी एका मिस्त्रीला काढून टाकलं होतं, तोही जुना माणूस होता. त्यांनी चंद्रभानला हाक मारली.

"खरं काय गा?"

"खरं हाये," चंद्रभान म्हणाला. "जुनेच बसवले. नवे टाकले असते तर आठ दिवसांत वाया गेले असते. हिच्या टाकीत केरोसीन हाये, भैय्याजी. थोडंथोडकं नाही."

वच्छला उभीच होती, ती आणखी ताठ झाली. "केरोसीन?"

"वास घ्या ना स्वतः. नवे टाकले त्याच दिवशी आला मले."

"मग तेव्हाच काहून नाही बोलले?"

"मले वाटलं... तुम्हीच टाकता. पेट्रोल महाग झालं, पुष्कळजण टाकून राहिले. अन् मग दोष मिस्त्रीवर. पाहू म्हटलं, कबूल करता का."

"म्हणजे तुम्ही मले चोर समजले."

"तुम्ही मले काय समजल्या?"

बाहेर एक ट्रक मागे येत होता, त्याचा माणूस आने दो, आने दो म्हणून ओरडत होता. भैय्याजींनी मिशीवरून हात फिरवला. "दोघंही एकमेकाले चोर म्हणता. तिसरा कोण हाये ते पाहा की. उद्या रविवार. गॅरेज बंद. जाय गा चंद्रभान, हिच्या घरी टाकी खाली कर, चांगलं पेट्रोल भर, अन् बस पाहत. तू खोटा निघाला तर सोमवारी इकडे येऊ नको."

दोघांनीही एकमेकांकडे न पाहता मान हलवली.

रविवारी तो सकाळीच आला. धुतलेला पांढरा शर्ट घालून. वच्छलाला तो क्षणभर ओळखूच आला नाही.

"जय भीम, बाबाजी."

"जय भीम," बळीराम म्हणाले. आवाजाच्या दिशेनं मान वळवून, थोडं चुकवून. "कोण गाव म्हणायचं?"

"नरखेडजवळचं. आई तिथंच असते, भीमाबाई."

बळीरामांना बरं वाटलेलं दिसलं. वच्छलानं ते लगेच मोडून काढलं. "मिस्त्री हायेत, बाबा. गाडी पाहाले आले." केरोसीनचं ती त्यांना काही बोलली नाही. उगाच जिवाला घोर नको.

टाकी खाली केली. निथळलेल्या तेलाचा वास तिनं घेतला, आणि तो खरंच केरोसीनचा होता. घरात कंदील, स्टोव्ह, मळ्यातल्या पंपाचं इंजिन, सगळं केरोसीनवर. तो वास तिच्या हातांना, साडीला कायमचा होता. म्हणून तिला कधी वेगळा जाणवलाच नाही. नवं पेट्रोल दोघांच्या देखत भरलं. मग प्रश्न आला की आता करायचं काय.

"बसा," वच्छला म्हणाली. "मी बी बसते. तुमाले एकटं नाही सोडत गाडीजवळ."

"मी तुमाले सोडीन असं वाटलं का?"

पिकअप समोरच्या कडुनिंबाखाली. आणि हे दोघं कलमांच्या मांडवात, ताट्यांच्या मागे, एकमेकांवर पहारा करत. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करायचे दिवस होते ते. वच्छलानं हात रिकामा नको म्हणून काम पुढ्यात घेतलं. पूर्वी हे काम बळीराम करायचे. हल्ली म्हणत, हात थरथरतात. थोड्या वेळानं तिनं काही न बोलता सुतळीचं बंडल चंद्रभानकडे सरकवलं. तो तुकडे कापून देऊ लागला. त्याची बोटं काळी होती, पण सुतळी तो फार हलक्या हातानं धरत होता.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ठिपके दिसले नव्हते तुमाले?"

"दिसले ना."

"अन् तरी तेच बसवले?"

तो सुतळीकडे बघत राहिला. "म्हटलं, नवे टाकले तर तुम्ही आठ दिवस येणार नाही. हे टाकले तर... उद्याच भांडायले येता."

वच्छलाच्या हातातला चाकू थांबला. तिनं वर पाहिलं नाही. ताटीच्या फटीतून उन्हाचे पट्टे आत येत होते, एक पट्टा त्याच्या मनगटावर पडला होता, आणि तिला एवढंच दिसत होतं.

"तुमची नोकरी गेली असती," ती हळूच म्हणाली.

"हाव. हे मात्र घरी गेल्यावर सुचलं."

तिला हसू आलं. तिनं ते रोपाच्या पानांत लपवलं. पण मनातली शंका अजून बसून होतीच. हा माणूस गोड बोलतो. गोड तर फसवणारे सगळेच बोलतात.

दुपार कलली. बळीराम वामकुक्षी आटोपून बाहेर आले. मळ्याच्या छपरीत गेले, डबा घेऊन बाहेर पडले. वच्छलाला वाटलं, मळ्यातल्या पाण्याच्या पंपाकडे जातील. ते पिकअपकडे निघाले.

ती उठणार, तोच चंद्रभाननं तिचं मनगट धरलं. "थांबा," तो नुसत्या ओठांनी म्हणाला.

बळीराम गाडीशी आले. एक हात मडगार्डवर ठेवला आणि तो हात पत्र्यावरून सरकवत सरकवत पुढे गेले. झाकण बोटांनी चाचपलं. उघडलं. डब्याचं तोंड टाकीच्या तोंडाशी लावताना दोनदा चुकलं. तेल त्यांच्या पायांवर सांडलं, चपलेवर सांडलं. त्यांनी खाली पाहिलं नाही. मान सरळ समोर, रस्त्याकडे. ऐकत होते, टाकीत पडणारा आवाज.

डब्यावर चुन्याचा जाड पट्टा होता. केरोसीनच्या डब्याला तो त्यांनीच पूर्वी मारला होता, शेजारच्या पेट्रोलच्या डब्यापासून वेगळा ओळखू यावा म्हणून.

गुडघे, थरथरणारे हात, थोडं चुकवून वळलेली मान... हे सगळं रोज समोर होतं. आणि ती जगभरच्या मिस्त्रींवर नजर ठेवत बसली होती.

ती ताटीच्या बाहेर आली. "बाबा."

बळीराम दचकले. डबा हातातच राहिला.

"कधीपासून दिसत नाही तुमाले?"

"दिसते ना वं. काहून नाही दिसत?"

"डब्यावर काय हाये, सांगा."

म्हाताऱ्यानं टाकीचं झाकण चाचपून नीट लावलं आणि तो मडगार्डला टेकला. "दोन वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "आधी धुकं यायचं. मग चेहरे गेले. आता ऊन-सावली कळते."

"मले सांगतलं नाही?"

"सांगून काय? तू मग लग्नाचं नावच काढू देलं नसतं. म्हणाली असती, आंधळ्या बापाले टाकून कशी जाऊ." त्यांनी नाक पुसलं. "पंपावर तू उभी राहते, मेले सगळे टकामका पाहतात. मले माहीत नाही का? म्हटलं, दुपारी थोडं थोडं पेट्रोल आपणच टाकत जाऊ. तेवढंच तुह्यं जाणं वाचते. तपकिरीनं नाक बी गेलं माह्यं... चुकीचा डबा होता का?"

वच्छला खाली बसली आणि पदरानं त्यांचे तेलानं भिजलेले पाय पुसू लागली. बोलला तो चंद्रभान, मागून, अगदी साध्या आवाजात.

"चुकीचा नाही, बाबाजी. गाडी चालली ना त्याच्यावर इतके दिवस. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याचं असंच झालं होतं. मोतीबिंदू. काढला, आता सुईत दोरा ओवते तो."

बळीरामांनी आवाजाकडे तोंड केलं. "दुखते का गा?"

"मी येईन संगं. तुमीच सांगसान मले."

आणि तो खरंच आला. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एकेक डोळा झाला, तेव्हा दोन्ही वेळा तो बाहेरच्या बाकावर बसून होता. भैय्याजींनी सुट्टी दिली, वर तिला निरोप पाठवला की माणूस चांगला आहे, मी तपासून घेतला आहे. वच्छला त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायची. मधे डबा, थर्मास. बोलणं फारसं नसायचं. एकदा तो बसल्या बसल्या झोपला आणि त्याचं डोकं भिंतीवरून घसरू लागलं. तिनं आपली शाल घडी करून त्याच्या मानेशी लावली, आणि आजूबाजूला पाहिलं, कोणी बघितलं तर नाही.

चैत्र लागला. बळीरामांना जाड भिंगांचा चष्मा आला. दिवसभर मळ्यात फिरून ते प्रत्येक रोपाची चूक काढू लागले. पिकअप मात्र एका हाकेत सुरू होत होती. धूर नाही, खोकला नाही. गॅरेजात जायला काही कारणच उरलं नाही, आणि चंद्रभानही आला नाही.

वच्छला वाट पाहायची. मग पुन्हा शंका. आता बाबा बरे झाले, त्याचं माणुसकीचं काम संपलं. त्या दिवशी मांडवात जे बोलला ते दुपारच्या उन्हातलं बोलणं होतं. असेल दुसरी कोणी, नरखेडकडची.

शेवटी एका संध्याकाळी ती गॅरेजात गेली.

"आवाज येते," ती म्हणाली.

चंद्रभान हात पुसत पुढे आला. थोडा वाळला होता. "कुठून?"

"आतून कुठून तरी. खडखड."

त्यानं बॉनेट उघडलं, कान लावला. "मले तर काही ऐकू येत नाही."

"चालताना येते."

मग तो शेजारी बसला आणि ती गाडी अमरावती रोडला घेऊन गेली. रस्त्याच्या कडेला पळस अजून थोडा फुललेला. वारा खिडकीतून आत येत होता. इंजिन दूध प्यायल्यासारखं शांत चाललं होतं. गोदामं मागे पडली. तिचं घर मागे पडलं.

"घर गेलं मागं," तो म्हणाला.

"माहीत हाये."

आणखी थोडं अंतर गेलं.

"वच्छलाबाई, मले तुमच्यावर संशय येऊन राहिला."

"कोणता?"

"गाडीले काही झालेलं नाही."

तिनं वेग कमी केला. समोर रस्त्यावर बघत राहिली, कारण त्याच्याकडे पाहिलं असतं तर गाडी खड्ड्यात गेली असती. "तुम्ही आले काहून नाही इतके दिवस?"

"कोणत्या तोंडानं येऊ?" त्याचा आवाज एकदम खाली गेला. "तुमच्या बाबाच्या डोळ्याच्या वेळी मी आलो, ते त्यांच्यासाठी आलो. खरंच. आता लगेच येऊन तुमाले मागतलं असतं, तर तुम्ही काय म्हणाल्या असत्या? याच्यासाठीच केलं सगळं, असं. तुमचा स्वभाव मले माहीत नाही का?"

वच्छलानं पिकअप एका बाजूला घेतली. तो म्हणाला ते खरं होतं. ती अगदी हेच म्हणाली असती. हा माणूस तिला तिच्या सगळ्या शंकांसकट ओळखत होता आणि त्यांना वाट करून देत बाजूला उभा राहिला होता.

"मग आता विचारा," ती म्हणाली.

"तुमाले?"

"मले नको. माह्यं झालं उत्तर देऊन." तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "बाबाले विचारा. अन् रविवारी येताना दाढी नीट करा. त्यांनी तुमाले अजून पाहिलंच नाही चष्म्यातून... आता सगळं बारीक दिसते त्यांले."